संशोधनासाठी

माझं मराठी आता बरं आहे. चारचौघांत बोलताना कुणी हसत नाही, आणि पत्रात कुणाचं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मीच टोकते. पण हे मराठी मी प्रेमानं शिकलेलं नाही. रागानं शिकले, आणि उशिरा शिकले. ते एक वर्ष आधी आलं असतं तर आमच्या खाली राहणारे काका पुन्हा भट्टीवर गेले नसते.

वडील विमा कंपनीत अधिकारी होते. बदली होऊन जयपूरला आलो तेव्हा मी पाच वर्षांची. आई सांगलीची, घरात मराठीच बोलायची. पण शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, भांडणंसुद्धा हिंदीत. मला मराठी समजायचं, बोलताही यायचं, पण अंधारातल्या जिन्यावरून उतरावं तसं, एकेक शब्द चाचपत. देवनागरी वाचता येते म्हणजे मराठी वाचता येतं असं सगळ्यांनी धरलं होतं. मीसुद्धा तेच धरून चालले होते.

अठ्ठ्याऐंशी साली मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. अभ्यासात बेताची, पण आकृत्या मात्र अशा काढायची की परीक्षकांनी माझी वही इतरांना दाखवायला ठेवून घेतली होती. पुढं काय करायचं ते ठरत नव्हतं. तेव्हा आई मला सरांकडे घेऊन गेली. सर पुण्याचे, क्ष-किरणांचे डॉक्टर. सी-स्कीम या जयपुरातल्या बड्या वस्तीत त्यांचं स्वतःचं क्लिनिक होतं. जयपुरातल्या मराठी लोकांच्या मंडळात त्यांच्या शब्दाला फार मान. त्यांना चांगला हात असलेलं कुणीतरी हवं होतं.

"कुठं शिकलीस?" त्यांनी विचारलं.

"माझी सगळी शिक्षा इथंच झाली," मी म्हटलं. हिंदीत शिकण्याला तेच म्हणतात.

"सगळी? किती वर्षांची झाली? सश्रम होती का?"

मला काही कळेना. आईला कळलं आणि ती हसली. मग सरांनी मला मराठीत शिक्षा म्हणजे काय ते समजावून सांगितलं, बाहेर बसलेल्या रिसेप्शनिस्टला आत बोलावून तिच्यादेखत. मी मान खाली घालून उभी राहिले. कामावर मात्र घेतलं त्यांनी.

काम असं होतं. दिल्लीत नुकतंच एक चुंबकाचं यंत्र आलं होतं. एम.आर.आय. हे नाव तेव्हा वर्तमानपत्रातसुद्धा क्वचित दिसायचं. तिथं सरांचा एक मित्र होता; तो हृदयाच्या फिल्मा पाठवायचा. हृदयाचा एकच ठोका, त्याची सोळा चित्रं. मधोमध पांढरं रक्त आणि त्याभोवती करड्या स्नायूचं कडं. पहिल्या चित्रात कडं सैल, सातव्या-आठव्यात आवळलेलं, सोळाव्यात पुन्हा सैल. चित्रं काडेपेटीएवढी. मी डार्करूममध्ये ती एन्लार्जरखाली मोठी करायची, टेबलावर ट्रेसिंग पेपर ताणून बसवायची आणि कड्याच्या दोन्ही कडा पेन्सिलीनं उतरवायची. मग घड्याळातल्या आकड्यांसारखे कड्यावर बारा ठिपके द्यायचे, आणि पुढच्या चित्रात तोच ठिपका कुठं गेला ते शोधायचं. सोळाही चित्रं झाली की प्रत्येक ठिपक्याची चाल रेघेनं जोडायची. धडधाकट स्नायूचा ठिपका आत येतो आणि परत जातो, त्याचं छोटं वेटोळं होतं. मेलेल्या स्नायूचा ठिपका जागीच राहतो, शेजारचे ओढतील तेवढाच हलतो.

शोधणं कठीण, कारण कडं सगळीकडे सारखंच करडं. कुठला ठिपका कुठला हे ओळखायला खूण नाही. परदेशात म्हणे चित्र घेतानाच हृदयावर काळ्या रेघा उमटवायची युक्ती निघाली होती. सरांनी तो लेख तीनदा वाचला आणि टेबलावर आपटला. आमच्याकडे काळ्या रेघा नव्हत्या. आमच्याकडे मी होते.

मला ते काम आवडायला लागलं होतं, हे खरं सांगते. फक्त सरांची भीती वाटायची. ते चिठ्ठ्या लिहून ठेवायचे, शुद्ध मराठीत, वळणदार अक्षरात. "कडा ठळक हव्यात." मी विचारलं, "सर, ठळक मतलब?" झालं. त्या दिवशी दोन पाहुणे डॉक्टर आले होते, त्यांच्यासमोर मला उभं केलं. "ऐका, आमच्या विदुषी काय विचारतायत." दुसऱ्या दिवशी 'पुसट'. तिसऱ्या दिवशी 'काटेकोर'. माझा चेहरा पडला की म्हणायचे, "अगं, चेष्टा करतोय." हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. हा माणूस माझ्यासाठी काहीतरी प्रयत्न करतोय असं मी पहिला आठवडाभर समजत होते, आणि घरी जाऊन आईला तसं कौतुकानं सांगितलंही होतं. दुसऱ्या आठवड्यापासून मी अर्थ विचारणं बंद केलं. न कळलेल्या शब्दाचा हिंदीत जो अर्थ असेल तोच मराठीत असणार असं धरायचं आणि पुढं जायचं.

सरांकडे दोन प्रकारची पाकिटं असत. धडधाकट माणसांच्या फिल्मांच्या पाकिटावर फक्त आकडा. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता त्यांच्या पाकिटावर आकडा आणि त्याखाली त्यांच्या सुंदर अक्षरात एक शब्द: संशोधनासाठी.

हा शब्द मला येत होता. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात होता. संविधान में संशोधन. संशोधन म्हणजे दुरुस्ती, चुकलेलं नीट करणं. सरांना या पाकिटातल्या आकृत्या नीट करून हव्या होत्या. अर्थात मला ते लागलंच. माझा हात कुठं कुठं चुकत असणार हे मला पटलेलंच होतं, त्या माणसानं इतक्या वेळा पटवून दिलं होतं. म्हणून त्या पाकिटांतल्या कच्च्या आकृत्या शाईत उतरवण्याआधी मी त्यांतले अडलेले ठिपके शोधायची. दोन्हीकडचे शेजारी जेवढे आत गेले असतील त्यांच्या मध्यावर अडलेल्याला नेऊन बसवायची. आकृती सुबक व्हायची. कच्चे कागद सर बघत नसत. "मला भाजी चिरताना दाखवू नकोस, ताट वाढून आण," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. म्हणजे ज्यांच्या हृदयाचा तुकडा खरोखर मेला होता, नेमके तेवढेच लोक मी पेन्सिलीनं बरे करत होते.

काका आमच्या घराच्या तळमजल्यावर राहायचे. साताऱ्याकडचे. सैन्यात होते, शेवटची नेमणूक जयपूरच्या छावणीत झाली आणि निवृत्तीनंतर इथंच राहिले. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात लोखंड ओतायच्या एका कारखान्यात ते भट्टीवर फोरमन होते. त्या दिवाळीत त्यांना झटका आला. वाचले. पण कारखान्याच्या डॉक्टरनं सांगितलं, भट्टी बंद. स्टोअरमध्ये स्टुलावर बसा, मालाची ने-आण बघा. मोठ्या डॉक्टरनं लिहून दिलं तरच भट्टी.

काकांना ते स्टूल जिव्हारी लागलं. "मानसं माज्या आवाजावर वतकाम करत्यात," ते वडिलांना म्हणाले. "मी काय आता नटबोल्ट राखत बसू?" घरात चिडचिड करायचे, काकीवर ओरडायचे आणि मग तिचीच समजूत काढायचे. शेवटी आईनं सरांकडे शब्द टाकला. सरांना झटका आलेले लोक हवेच होते. त्यांनी काकांना दिल्लीला पाठवलं.

परत आल्यावर काकांनी आम्हा सगळ्यांना बसवून ऐकवलं. "नळकांड्यात घातलं मला. आन मग ठाक ठाक ठाक, गोळ्या सुटल्यागत. म्हनलं, चला, आवाज तर वळखीचा हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, आता तुज्या हातात हाय. नीट काड माजं काळीज."

त्यांची फिल्म आली. पाकिटावर आकडा आणि तोच शब्द. मी काळजीनं बसले, दोन दिवस लावले. पुढच्या भिंतीवरचे चार ठिपके हलत नव्हते. सोळाच्या सोळा चित्रांत तिथल्या तिथं. मला वाटलं, आपल्या माणसाचं काम करताना हात अवघडला. मी ते चारही ठिपके नीट केले आणि शाईत उतरवले. इतकी देखणी आकृती मी त्याआधी काढली नव्हती.

सर ती बघून खुर्चीतून उठले. त्याआधीच्या चार आकृत्यांतही त्यांना तेच दिसलं होतं: कार्डिओग्राम म्हणतो स्नायू मेला, आणि आकृतीत तो हलतोय. "मेलेला नाहीच तो," ते म्हणाले. "झोपलेला होता, आणि जागा झालाय. जगाला सांगितलं पाहिजे." त्यांनी दिल्लीच्या परिषदेसाठी निबंध लिहायला घेतला, आणि काकांना स्वतःच्या लेटरहेडवर लिहून दिलं की हृदयाची हालचाल सर्व बाजूंनी चांगली आहे, नेहमीचं काम करायला हरकत नाही. मला म्हणाले, "हात चांगला आहे हं तुझा." सहा महिन्यांत पहिल्यांदाच. मला इतका आनंद झाला की मी रिक्षा न करता चालत घरी आले.

होळी झाल्यावरच्या सोमवारी काका कामावर रुजू होणार होते. त्याच्या आधीच्या शनिवारी दिल्लीहून सरांच्या मित्राचा फोन आला. त्याच्याकडे पडद्यावर ती सोळा चित्रं एकामागून एक पळवता यायची, हृदय चालताना दिसायचं. तो म्हणाला, तू पाठवलेल्या आकृत्या बघितल्या, पण तुझ्या पाचही जणांचा तो भाग जागचा हलत नाही.

सरांनी मला बोलावलं. टेबलावर माझा कच्चा कागद आणि पक्का कागद शेजारी शेजारी. "हे ठिपके कुणी हलवले?"

"मी. तुम्हीच लिहिलं होतं."

"मी काय लिहिलं होतं?"

मी पाकीट उलटं करून वाचून दाखवलं. "संशोधनासाठी. मतलब, सुधारायचं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले. चष्मा काढून डोळे पुसत हसले, एकदा थांबून "सुधारायचं" म्हणाले आणि पुन्हा हसले. मी उभीच. मराठीत संशोधन म्हणजे रिसर्च, हे त्यांनी मला त्या हसण्यातून सांगितलं. मग त्यांना आपला निबंध आठवला असावा, कारण हसू एकदम गेलं.

"सर, काका सोमवारी भट्टीवर जाणार आहेत," मी म्हटलं.

"मी बघतो. फेरतपासणी करा म्हणून पत्र टाकतो. तू काही बोलायचं नाहीस."

"आजच सांगितलं तर—"

"काय सांगशील?" ते शांतपणे म्हणाले. "मला मातृभाषा येत नाही म्हणून मी तुमचं हृदय चुकीचं काढलं, असं सांगशील? सांग. सगळ्या मंडळाला कळू दे."

त्यांनी माझं दुखणं बरोबर ओळखलं होतं, आणि बोट ठेवलं तेही नेमकं त्यावरच.

रविवारी सकाळी मी खाली गेले. सांगायलाच गेले होते. काका दारात बसून बुटांना पॉलिश करत होते, सैन्यातल्या सवयीनं, टाच आधी. खुंटीवर इस्त्री केलेला खाकी शर्ट. काकी आत शिरा ढवळत होती, तुपाचा वास बाहेरपर्यंत येत होता. "ये पोरी, बस," काका म्हणाले. "तुज्या हातानं काडल्यालं काळीज हाय. आता कुनाला भ्यायचं?" काकीनं माझ्यापुढं बशी ठेवली.

मी मनात वाक्य जुळवलं. ते हिंदीत जुळलं. मराठीत करायला गेले तर मध्येच संशोधन हा शब्द आला, आणि तो उच्चारल्यावर काकी काय म्हणेल, मग आई काय म्हणेल, मंडळातल्या बायका काय म्हणतील, हे सगळं डोळ्यांसमोर आलं. माझं वय वीस होतं. त्या वयात लाज माणसाला जीवापेक्षा मोठी वाटते, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं एवढंच की मला एका माणसाचा जीव आणि माझी फजिती यांत निवड करायची होती, आणि मी बशी उचलली. "शिरा छान झालाय काकी," मी म्हटलं. हे वाक्य मात्र अगदी शुद्ध मराठीत आलं.

सोमवारी ते गेले. मंगळवारी गेले. बुधवारी दुपारी भट्टीपाशी कोसळले आणि तिथल्या माणसांनी त्यांना टेम्पोत घालून हॉस्पिटलात नेलं.

गुरुवारी सरांचं पत्र आलं, टपालानं. काकीला वाचता येत नव्हतं. हॉस्पिटलातून डबा घ्यायला आली होती, तिनं ते माझ्या हातात दिलं. मी वाचून दाखवलं: फेरतपासणी होईपर्यंत जड काम टाळावे. काकीनं कपाळाला हात लावला. "बघ की," ती म्हणाली, "किती लक्ष हाय डाक्टरांचं. पोस्टानंच उशीर केला." मी पत्राची घडी घालून तिला परत दिली.

काका मेले नाहीत. पण जे परत आले ते दहा पावलं चालून थांबणारे, उशा लावून बसल्या बसल्या झोपणारे काका होते. कारखान्यानं स्टूलही काढून घेतलं. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "कागद बरूबर व्हता. भट्टीच त्या दिशी लई तापली." कागदावर त्यांचा विश्वास होता, कारण तो मी काढला होता. मी रोज संध्याकाळी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला जायची. लोक आईला म्हणायचे, मुलगी किती करते हो शेजाऱ्यांचं. सरांकडचं काम मी सोडलं होतं. सरांनी निबंध मागे घेतला होता, कुणाला कारण न सांगता.

गणपती आले. मंडळाचा कार्यक्रम रविवारी दुपारी होता. काकांना बाहेर पडायची हौस होती, म्हणून आम्ही त्यांना रिक्षातून नेलं आणि पहिल्या रांगेत वेताच्या खुर्चीत बसवलं. सर बोलायला उभे राहिले. विषय होता, परप्रांतातली मराठी. त्यांना बोलायला छान यायचं. आधी 'शिक्षा' सांगितली, मग 'चेष्टा'. लोक हसत होते. मला वाटलं इथं थांबतील.

"आणि ऐका," ते म्हणाले, "आमच्याकडे एक मुलगी होती. मी पाकिटावर लिहिलं, संशोधनासाठी. तिनं हिंदी अर्थ लावला आणि संशोधन केलं. पाच माणसांची मेलेली हृदयं पेन्सिलीनं दुरुस्त करून टाकली. मी तर तिला म्हणणार होतो, बाई, तूच दवाखाना काढ."

हॉल हसून हसून आडवा झाला. मुलगी कोण ते सगळ्यांना माहीत होतं, माना वळल्या. आईसुद्धा हसली, आणि हसता हसता तिनं माझ्याकडे बघितलं. काकी हसली, कारण सगळे हसत होते. काका मांडीवर थाप मारून हसत होते. मग त्यांची थाप थांबली. हात मांडीवरच राहिला. सर पुढचा किस्सा सांगत होते, तो त्यांनी ऐकला की नाही मला माहीत नाही. सरांनी एकदाही पहिल्या रांगेकडे बघितलं नाही, किंवा बघितलं असेल आणि तिथं बसलेला माणूस एवढं समजण्यातला नाही असं ठरवलं असेल.

परतताना रिक्षा गल्लीच्या तोंडाशी सोडावी लागली, आत मांडव घातला होता. आई आणि काकी पुढं गेल्या. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, रोज ठेवायचे तसा, आणि आम्ही हळूहळू चालायला लागलो. ऊन अजून होतं.

दहा पावलांवर ते थांबले. दम खाल्ला. "त्या पाचात मी व्हतो?"

"हो."

पुन्हा दहा पावलं. मला वाटत होतं ते चिडतील, शिव्या देतील. मी त्याची वाट बघत होते, अगदी आतुरतेनं. त्यांनी माझ्या खांद्यावर एकदा थोपटलं. चुकीबद्दल मला माफ करून टाकतायत असं मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि मला रडू यायला लागलं.

मग त्यांनी विचारलं, "कवा कळलं तुला?"

मी खोटं बोलू शकले असते. आजच कळलं, असं म्हणायला एवढंसं मराठी पुरलं असतं. "शनिवारी," मी म्हटलं.

"कुटल्या शनिवारी?"

"तुम्ही कामावर गेलात, त्याच्या आधीच्या."

ते उभे राहिले. त्यांनी मनात दिवस जुळवले ते मला दिसलं. शनिवार, मधला रविवार, सोमवार. मग त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला.

घर अजून बरंच लांब होतं. मी माझा हात पुढं केला. त्यांनी तो बघितला, आणि शेजारच्या कंपाउंडची भिंत धरून ते चालायला लागले.